चार खोल्यांत चार टीव्ही: व्हिडिओ वितरणाची मध्यवर्ती यंत्रणा घ्यावी का, आणि गिलाव्याआधी नेमके काय करून घ्यावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकला आपले तळमजला आणि पहिला मजला असे घर बांधून होत आले आहे. स्लॅब आणि वीटकाम झाले असून आतला गिलावा लवकरच सुरू होणार आहे. टीव्ही चार असतील: खाली दिवाणखान्यात एक, आई-वडिलांच्या खोलीत एक, वर आपल्या खोलीत एक आणि जिन्याजवळच्या मोकळ्या बैठकीत एक. एका एजन्सीने चार इनपुट आणि चार आउटपुट असलेला एचडीएमआय मॅट्रिक्स (एका जागी ठेवलेल्या बॉक्सपैकी कोणाचेही चित्र हव्या त्या टीव्हीवर पाठवणारे यंत्र), प्रत्येक खोलीसाठी रिसीव्हर, रॅक आणि केबल मिळून पावणेचार लाखांचे कोटेशन दिले आहे आणि ‘आता घेतले नाही तर पुढे भिंती फोडाव्या लागतील’ असे सांगितले आहे. सध्या आपल्याकडे एक डीटीएच बॉक्स आणि १०० एमबीपीएसची फायबर जोडणी आहे. हा खर्च करावा का, असे आपण विचारले आहे.

माझे मत आधी सांगतो आणि मग कारणे देतो. आपण दिलेल्या माहितीवरून मॅट्रिक्स घेण्याची गरज मला दिसत नाही. मात्र ज्या वाटांनी त्याच्या केबल गेल्या असत्या, त्या वाटांवर पाईप आणि नेटवर्कच्या केबल आत्ताच टाकून घ्याव्यात, यात हयगय करू नये. कोटेशनमध्ये या दोन गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या आहेत आणि म्हणून निर्णय अवघड वाटतो आहे. भिंतींतल्या कामाला मुदत आहे आणि एकूण बांधकामाच्या मानाने त्याचा खर्च किरकोळ आहे. यंत्रांना मात्र कोणतीही मुदत नाही. पाईप तयार असतील तर मॅट्रिक्स पुढच्या दिवाळीलाही बसवता येतो, आणि तोवर तो बहुधा आजच्यापेक्षा चांगला मिळतो. एजन्सीने सांगितलेली भिंत फोडण्याची भीती खरी आहे, पण ती पाईपबद्दल खरी आहे.

ही यंत्रणा मुळात कोणत्या अडचणीवर निघाली ते पाहिले, तर ती अडचण आपल्या घरात आहे की नाही हे तपासता येते. जुन्या अॅनालॉग केबलच्या काळात घरात एक तार यायची, स्प्लिटर लावून ती दोन-तीन खोल्यांत न्यायची आणि प्रत्येक टीव्हीवर हवा तो चॅनेल लागायचा. मुंबईत २०१२ मध्ये आणि पुणे, नाशिक, नागपूर या शहरांत २०१३ मध्ये केबल डिजिटल झाली आणि प्रत्येक टीव्हीला स्वतंत्र सेट-टॉप बॉक्स लागू लागला. एचडी बॉक्स महाग, त्याचे मासिक शुल्क वेगळे. त्यामुळे एकच बॉक्स अनेक खोल्यांत दाखवण्याची मागणी वाढली. म्हणजे मूळ अडचण अशी, की स्रोत मोजके आणि पडदे अनेक. आता बाजारातल्या बहुतेक टीव्हींमध्ये ओटीटी अॅप आतच असतात. स्रोत पडद्याच्या आत जाऊन बसला, आणि तो दुसऱ्या खोलीतून ओढून आणण्याचे कारणच बहुतेक घरांत उरले नाही.

म्हणून मी घरमालकांना नेहमी एक कागद करायला सांगतो. एका बाजूला घरातल्या माणसांची नावे, समोर ती कोणत्या खोलीत, कोणत्या वेळी, काय पाहतात आणि ते कोठून येते. हा कागद एक आठवडाभर प्रामाणिकपणे भरला की बहुतेक वेळा असे दिसते: आई-वडील संध्याकाळी मराठी मालिका आणि बातम्या पाहतात, त्या डीटीएचवर, मुले युट्यूब आणि ओटीटी पाहतात, ते टीव्हीतल्या अॅपवर, आणि रात्री वरच्या खोलीत जे पाहिले जाते तेही अॅपवरच. मग प्रत्येक ओळीपुढे विचारायचे, की ही गोष्ट त्या खोलीत स्वतंत्रपणे मिळू शकत नाही का? ‘मिळू शकत नाही’ असे उत्तर एकाही ओळीपुढे येत नसेल, तर मध्यवर्ती वितरणाची गरज नाही. आपल्या घरात असे उत्तर येण्याजोगी एकच ओळ मला दिसते, ती म्हणजे डीटीएच, आणि तिच्यावर दुसरा कनेक्शन-बॉक्स हा स्वस्त उपाय आहे. सेवा देणाऱ्या कंपन्या त्याच खात्यावर जादा टीव्हीची जोडणी देतात. तिचे शुल्क कंपनीगणिक वेगळे असते, ते विचारून घ्यावे.

तरीही काही घरांत मॅट्रिक्स योग्यच ठरतो. पहिला प्रसंग क्रिकेटचा. दिवाणखान्यात डीटीएचवर सामना चालू आहे आणि वरच्या बैठकीत तोच सामना ओटीटीवर चालू आहे, तर वरचे चित्र काही सेकंदांपासून ते अर्ध्या मिनिटापर्यंत मागे असू शकते. खाली विकेट पडल्याचा जल्लोष होतो तेव्हा वर गोलंदाज अजून धावत येत असतो. मोकळा जिना असलेल्या घरात हे रोज खटकते. एकाच बॉक्सचे चित्र मॅट्रिक्समधून सगळीकडे गेले तर असा फरक राहत नाही. (दोन्ही टीव्हींना एकाच कंपनीचे डीटीएच बॉक्स लावले तरी तो फरक नगण्य होतो, हेही येथे सांगायला हवे.) दुसरा प्रसंग असा, की घरात खरोखरच महागडा स्रोत आहे, उदाहरणार्थ उच्च दर्जाचा ब्लू-रे प्लेयर किंवा चित्रपटांचा सर्व्हर, आणि तो होम थिएटरखेरीज आणखी दोन-तीन ठिकाणी पाहायचा आहे. तिसरा प्रसंग सजावटीचा: भिंतीवर फक्त टीव्ही दिसावा, बॉक्स आणि तारा कोठेही दिसू नयेत, असा गृहसजावटकाराचा किंवा घरच्यांचा आग्रह असतो. ही मागणी मी हलकी मानत नाही. पण तिच्यासाठीही आता टीव्हीमागच्या खोल बॉक्समध्ये लहान उपकरण बसवता येते.

आता मॅट्रिक्सबरोबर जे घरात येते आणि कोटेशनमध्ये लिहिलेले नसते, त्याविषयी. हा भाग मी सविस्तर लिहितो, कारण पैसे देऊन झाल्यावर पश्चात्ताप होतो तो याच गोष्टींचा.

प्रत्येक टीव्ही आपल्याला काय दाखवता येते याची माहिती एचडीएमआयवरून स्रोताला कळवत असतो. तिला ईडीआयडी म्हणतात. एक स्रोत एकाच वेळी दोन टीव्हींना जोडला गेला, तर त्याला दोघांनाही झेपेल असेच चित्र पाठवावे लागते. समजा, आपल्या दिवाणखान्यात नवा फोर-के टीव्ही आहे आणि आई-वडिलांच्या खोलीत जुना १०८० रेषांचा टीव्ही हलवला आहे. दोन्हीकडे एकच स्रोत लावला की दिवाणखान्यातले चित्रही १०८० वर उतरते, एचडीआर (उजेड-अंधाराचे जास्त तपशील दाखवणारी सोय) निघून जाते, आणि डॉल्बीचा सराउंड आवाज साध्या स्टिरिओवर येतो. प्रत्येक आउटपुटवर स्वतंत्र स्केलर (त्या-त्या टीव्हीला झेपेल असे चित्र करून देणारा भाग) असलेले मॅट्रिक्स ही अडचण बऱ्याच अंशी सोडवतात, पण ते महाग असतात. आपल्या कोटेशनमध्ये स्केलरचा उल्लेख आहे का, ते प्रथम पाहावे. शिवाय वाटेतले एखादे जरी उपकरण एचडीसीपी २.२ (चित्रपटांची नक्कल रोखणारी सुरक्षा पद्धत) मानत नसेल तर फोर-के चित्रपट एकतर कमी दर्जात येतो किंवा पडदा काळा राहतो.

कोटेशनमध्ये ‘एचडीबेसटी, ७० मीटर’ असे लिहिले आहे. ही यंत्रणा नेटवर्कच्या एकाच कॅट-६ केबलमधून चित्र, आवाज आणि रिमोटचा संकेत नेते आणि ती चांगली आहे. पण या वर्गातल्या रिसीव्हरच्या बाबतीत ७० मीटर हे अंतर सहसा १०८० साठी असते. फोर-केसाठी तेच अंतर ४० मीटर धरतात. आपल्या घरात सर्वांत लांबची केबल २५ मीटरच्या आत राहील असे दिसते, तेव्हा अंतराची चिंता नाही. चिंता क्षमतेची आहे. एचडीएमआय २.० ची क्षमता १८ जीबीपीएस असते, आणि एचडीबेसटीच्या आधीच्या पिढ्या १०.२ जीबीपीएसवर थांबतात. तेव्हा ६० फ्रेमचे पूर्ण दर्जाचे फोर-के चित्र त्यांतून संकोचन करून किंवा रंगांची माहिती कमी करूनच जाते. आणि साउंडबारसाठी लागणारा ईआर्क (टीव्हीतला आवाज एचडीएमआयवरून उलट दिशेने नेणारा मार्ग) अनेक स्वस्त रिसीव्हरमधून परत येतच नाही. मागवताना संपूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा. ‘फोर-के सपोर्ट’ एवढ्या शब्दांवर समाधान मानू नये.

रिमोटचा प्रश्न याहून मोठा आहे, कारण तो रोजचा आहे. आपल्या आईंना संध्याकाळी सात वाजता त्यांची मालिका लावायची आहे, असे धरू. बॉक्स जिन्याखालच्या रॅकमध्ये आहे. त्यांनी खोलीतल्या लहानशा इन्फ्रारेड डोळ्याकडे रिमोट धरायचा, तो संकेत केबलमधून रॅकपर्यंत जायचा, तेथे बॉक्ससमोर चिकटवलेल्या उत्सर्जकातून बाहेर पडायचा आणि मग चॅनेल बदलायचा. तो उत्सर्जक साफसफाईत जरा सरकला तरी रिमोट ‘बिघडतो’. त्याआधी मॅट्रिक्सवर त्यांच्या खोलीसाठी योग्य इनपुट निवडलेला असला पाहिजे, आणि वरच्या बैठकीत कोणी तोच बॉक्स पाहत असेल तर आईंनी चॅनेल बदलताच वरचाही बदलतो. टीव्हीला लावायच्या अनेक स्टिक ब्लूटूथ रिमोटवर चालतात. तो संकेत या मार्गाने जातच नाही आणि दोन भिंतींपलीकडे तो टिकत नाही. ज्या घरांत वयस्कर माणसे स्वतः टीव्ही लावतात, त्या घरांत मी मॅट्रिक्सच्या विरुद्ध सल्ला देतो तो प्रामुख्याने यासाठी. ज्या टीव्हीला स्वतःचा बॉक्स आणि स्वतःचा रिमोट आहे, तो त्यांना कोणाला हाक न मारता वापरता येतो, आणि हे स्वातंत्र्य मला चित्राच्या दर्जापेक्षा महत्त्वाचे वाटते.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. जिन्याखालच्या बंद कपाटात मॅट्रिक्स, चार बॉक्स, राउटर आणि इन्व्हर्टर एकत्र तापतात. हवा खेळती राहण्याची सोय सुतारकामातच करावी लागते. दुसरे म्हणजे वीज. मे-जूनच्या वळिवात कडकडाट होतो तेव्हा गच्चीवरची छत्री आणि मजल्यांमधून फिरलेल्या लांब तांब्याच्या तारा विजेच्या झटक्याला वाट देतात, आणि एचडीएमआयचे पोर्ट अशा झटक्यात फार लवकर जातात. मॅट्रिक्स गेला की घरातले चारही टीव्ही एकदम बंद होतात आणि दुरुस्तीला तो बहुधा बाहेरगावी पाठवावा लागतो. छत्रीच्या खांबाला योग्य अर्थिंग आणि डीबीमध्ये (विजेच्या मुख्य वितरण पेटीत) सर्ज संरक्षक हे मॅट्रिक्स असो वा नसो, करून घ्यावेच.

मग चार टीव्हींना चित्र कसे मिळेल? नेटवर्कवरून. हिशोब सोपा आहे. नेटफ्लिक्स फोर-केसाठी १५ एमबीपीएस आणि १०८० साठी ५ एमबीपीएस वेग सुचवते. चारही टीव्ही एकाच वेळी फोर-के पाहू लागले तरी ६० एमबीपीएस लागतात. आपल्या १०० मध्ये ते बसते आणि फोनसाठी वेग उरतो. मर्यादा येते ती सदस्यत्वाची: एकाच वेळी किती पडद्यांवर पाहता येईल हे योजनेवर अवलंबून असते, आणि मोठ्या योजनेचा जादा खर्च मॅट्रिक्सच्या खर्चापुढे अगदी लहान आहे. दुसरी मर्यादा वायफायची. आपल्याकडच्या विटांच्या नऊ इंची भिंती आणि सळयांनी भरलेले स्लॅब ५ गिगाहर्ट्झच्या लहरींना फारसे पुढे जाऊ देत नाहीत, म्हणून खालच्या राउटरवर वरच्या खोलीतला टीव्ही थांबत-थांबत चालतो आणि लोक इंटरनेट कंपनीला दोष देतात. प्रत्येक टीव्हीमागे केबल असेल तर हा प्रश्न उद्भवतच नाही. बऱ्याच टीव्हींचा केबलचा पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो. ओटीटीसाठी तो पुरेसा आहे. फोर-के ब्लू-रेच्या तोडीच्या फायली घरच्या सर्व्हरवरून चालवायच्या असतील तर मात्र तो कमी पडू शकतो, कारण त्या डिस्कचा कमाल वेग १२८ एमबीपीएसपर्यंत जातो. अशा वेळी गिगाबिट पोर्ट असलेले वेगळे उपकरण टीव्हीला लावावे.

याच नेटवर्कवर घरचे छायाचित्रण, लग्नाचे व्हिडिओ आणि सीसीटीव्हीही सगळ्या खोल्यांत दिसू शकतात. एका घरात आजी वरच्या मजल्यावर झोपून होत्या आणि गणपतीत खालची आरती त्यांना दिसावी अशी मुलांची इच्छा होती. मखरासमोर एक आयपी कॅमेरा आणि आजींच्या टीव्हीवर त्याचे अॅप एवढ्यावर ते काम झाले. तेथेही आधी मॅट्रिक्सचेच कोटेशन आले होते.

आता गिलाव्याआधीचे काम, म्हणजे आपल्या प्रश्नातला तातडीचा भाग. जिन्याखाली किंवा जेथे फायबर आत येते तेथे एक मध्यवर्ती जागा ठरवा आणि तेथून प्रत्येक टीव्हीच्या जागेपर्यंत स्वतंत्र २५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप न्या. दिवाणखाना आणि वरची बैठक येथे दोन-दोन. एका टीव्हीचा पाईप दुसऱ्या टीव्हीच्या बॉक्समधून पुढे नेण्याची वायरमनची सवय असते, ती येथे चालणार नाही. वळणे काटकोनी एल्बोने घेऊ नयेत, बेंडने घ्यावीत, आणि दोनपेक्षा जास्त वळणे येत असतील तर मध्ये पुल बॉक्स (केबल ओढायला उघडता येणारी पेटी) ठेवावा, नाहीतर पुढे केबल ओढता येत नाही. पाईपमध्ये नायलॉनची दोरी सोडून ठेवावी आणि दोन्ही तोंडे बंद करावीत. गिलाव्याचा माल आत जाऊन घट्ट बसला तर तो पाईप कायमचा गेला. विजेच्या तारांच्या पाईपमधून या केबल मुळीच नेऊ नयेत, समांतर जाताना किमान एक फुटाचे अंतर ठेवावे आणि ओलांडायचेच झाले तर काटकोनात ओलांडावे.

प्रत्येक टीव्हीमागे कॅट-६ च्या दोन केबल आणि आरजी-६ ची (छत्रीचा संकेत आणणारी) एक केबल टाका. कॅट-६ च्या दोन अशासाठी, की एक आज नेटवर्कला लागेल आणि दुसरी उद्या मॅट्रिक्स घेतलाच तर थेट एचडीबेसटीला देता येईल. केबल शुद्ध तांब्याची घ्या; तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल खोक्यावरून सारखीच दिसते, पण हाती घेतल्यावर हलकी लागते आणि आतली तार चाकूने खरवडली की रुपेरी दिसते. आरजी-६ गच्चीवरून मध्यवर्ती जागेपर्यंतही न्या, आणि ती एक न नेता जितके डीटीएच बॉक्स लागण्याची शक्यता आहे तितक्या न्या. सेट-टॉप बॉक्स त्याच तारेतून छत्रीवरच्या एलएनबीला (उपग्रहाचा संकेत पकडणाऱ्या भागाला) वीज देतो, आणि ती १३ व्होल्टची आहे की १८ यावरून कोणता संकेत खाली पाठवायचा हे एलएनबी ठरवते. म्हणून दोन बॉक्सना एकच तार साध्या स्प्लिटरने वाटून दिली की एकाचे चॅनेल दुसऱ्यामुळे जातात. जादा आउटपुटचा एलएनबी किंवा मल्टिस्विच (छत्रीचा संकेत अनेक बॉक्सना स्वतंत्रपणे वाटणारे उपकरण) आणि बॉक्सगणिक एक तार, हीच त्याची रीत आहे. वरच्या मजल्याच्या छताला मधोमध वायफाय अॅक्सेस पॉईंटसाठी आणखी एक कॅट-६ सोडा. टीव्हीच्या जागेवरचे प्लग पॉईंट टीव्हीच्या मागे लपतील अशा उंचीवर काढा आणि प्रत्येक ठिकाणी दोन प्लग जास्त ठेवा.

गिलावा चढण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे छायाचित्र मोजपट्टी लावून काढून ठेवा. पुढे पडद्याचा दांडा किंवा कपाट ठोकताना पाईप नेमका कोठे आहे हे त्यावरूनच कळेल.

माझे मत बदलेल अशा काही गोष्टी आहेत आणि त्या आपल्यालाच माहीत आहेत. वरच्या बैठकीत पुढे प्रोजेक्टर आणि होम थिएटर करायचे असेल. घरात नेहमी पाहुण्यांचा राबता असून एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी तेच दाखवायचे असेल. किंवा वीज, पडदे, आवाज हे सगळे एकाच नियंत्रणाखाली आणणारी स्वयंचलित यंत्रणा आपण घेणारच असाल, तर मॅट्रिक्सचा विचार पुन्हा करावा लागेल. त्या वेळी एचडीबेसटीबरोबरच नेटवर्कवरून चित्र नेणाऱ्या पर्यायाचीही किंमत मागावी. त्यात प्रत्येक स्रोताला एन्कोडर (चित्र नेटवर्कवर पाठवणारा) आणि प्रत्येक टीव्हीला डिकोडर (ते परत उलगडणारा) लागतो, आणि खोल्या वाढल्या तर तो सोयीचा पडतो. मात्र त्यासाठी आयजीएमपी स्नूपिंग (व्हिडिओ मागणाऱ्या उपकरणांकडेच तो पाठवण्याची सोय) असलेला मॅनेज्ड स्विच लागतो, नाहीतर व्हिडिओची रहदारी घरच्या साऱ्या नेटवर्कवर पसरून वायफाय गुदमरते.

एजन्सीला आता एवढेच सांगा, की पाईप आणि केबलचे काम वेगळे तोडून त्याचा दर लिहून द्या, आणि प्रत्येक केबलची दोन्ही टोके क्रमांक घालून, चाचणी करून द्या. त्यांनी ते नाकारले तर घराचे वायरिंग करणाऱ्या आपल्याच वायरमनकडून पाईप टाकून घेता येतील आणि केबल जोडायला नेटवर्कचा जाणकार नंतर बोलावता येईल. आई-वडील त्यांच्या खोलीत सध्या कोणता बॉक्स वापरतात आणि छत्री गच्चीच्या कोणत्या कोपऱ्यावर बसणार आहे हे आपण कळवलेत, तर आरजी-६ नेमक्या किती आणि कोठून उतरवाव्यात ते मी नकाशावर दाखवून देईन.